दोरीवरची दुपटी

बाळ ओकतंय असा निरोप गेला, की सिस्टरबाई जिना चढता चढताच ओरडायच्या, "कपडा धुतला तर नाही ना?" नमस्कार-चमत्कार, चहापाणी, बाळंतीण कशी आहे, हे सगळं नंतर. मध्य भारत हे वेगळं राज्य होतं त्या सात-आठ वर्षांत इंदूरच्या आमच्या मोहल्ल्यात असं एकही मराठी घर नसेल, जिथल्या सासूबाई या एका प्रश्नाने हैराण झाल्या नाहीत.

कारण आम्ही मंडळी स्वच्छतेची. होळकरांच्या दफ्तरात कारकुनी केलेली घराणी. बाकी काही नसलं तरी दोरीवरचं धुणं पांढरंशुभ्र हवं, हा आमचा मोठेपणा. मूल ओकलं की आमचा हात आधी मुलाकडे जात नसे, दुपट्याकडे जाई. नाक मुरडून, चिमटीत धरून ते दुपटं मोरीत टाकायचं, वर दोन तांबे पाणी ओतायचं, आणि मग "अगं बाई, काय झालं माझ्या राजाला" म्हणून मुलाला घ्यायचं. सिस्टरबाई कपाळाला हात लावत. "आधा पेशंट तर तुम्ही मोरीत वाहवला. आता उरलेल्या आध्याला बघून मी काय सांगू?"

त्यांचं नाव सुभद्राबाई होतं, हे मला फार उशिरा कळलं. देवासकडच्या, लहानपणीच कपाळ पुसलेल्या, महाराजांच्या अमदानीत नर्सिंग शिकलेल्या, एवढंच लोक सांगत. जास्त विचारायची कुणाची छाती नव्हती. उंच, काळ्यासावळ्या, पांढरं पाचवारी, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. सकाळी मोहल्ल्यातल्या बालकल्याण केंद्रात बसत, दुपारी घरोघर फिरत. शहराबाहेरही जात. देपालपूरच्या बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्यांवर बसून त्यांनी किती खेडी पालथी घातली असतील, देव जाणे. माळव्यात तेव्हा कामाला जाणाऱ्या बाया रडक्या मुलाला अफूचं बोट चाटवत. सिस्टरबाई अशा घरातून निघताना अफूची डबी उचलून स्वतःच्या पिशवीत टाकत आणि माळवी बोलीत असं काही बोलत, की ते इथे लिहिता यायचं नाही.

न धुतलेला कपडा मिळाला, की त्यांचा चेहरा उजळे. तो उजेडात धरत, बोटांनी चोळून बघत, आणि चक्क नाकाशी नेत. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा पदर नाकाला लावला. त्या मात्र सराफ्यातला कसबी सराफ सोनं पारखतो तशा गंभीर. मग निकाल. "दूध आहे, जसं गेलं तसं आलं. पोर हसतंय, वजन चढतंय. याला ओकणं नाही म्हणायचं, सांडणं म्हणायचं. पाजल्यावर खांद्यावर उभं धर, ढेकर काढ, लगेच पाळण्यात आडवं टाकू नको. आणि एकदम पोटभर नको, थोडं थोडं दे." कुणी औषध मागितलं, की म्हणत, "औषध आहे ना. धुण्याचा साबण. सहा-आठ महिने पुरेल इतका आण."

सांडणं आणि ओकणं. हा फरक त्यांनी मोहल्ल्याला शिकवला. आणि तिसरा एक प्रकार होता, ज्याचं नाव त्या हळू आवाजात घेत. "हिरवं आलं, म्हणजे आतडं अडलं, तर मला बोलवायचं नाही. माझी वाट बघायची नाही. टांगा करायचा आणि सीधं हॉस्पिटल." हे त्या प्रत्येक बाळंतिणीकडून तीनदा म्हणवून घेत, शाळेत पाढे म्हणवतात तसे.

मला हे सगळं ऐकायला उशीर झाला होता. माझा पहिला मुलगा माधव सव्वा महिन्याचा होऊन गेला. ओकून ओकून गेला. तेव्हा आम्ही दुसऱ्या मोहल्ल्यात राहत होतो, सिस्टरबाई कोण हे ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दूध जास्त होतंय. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मी फक्त दुपटी धूत होते. मूल गेलं त्या दिवशीसुद्धा दोरीवर एकही डाग नव्हता. या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले, आणि शेजारच्या कुसुमच्या मुलीच्या उष्टावणाला मी सिस्टरबाईंना जवळून पाहिलं. मामा ग्वाल्हेरहून आला होता, रेशमी सदरा घालून. त्याने हौसेने खिरीचा भला मोठा चमचा मुलीच्या तोंडात कोंबला. मुलीने डोळे वटारले, चेहरा लालबुंद झाला, जीभ बाहेर, आणि ओऽक, ओऽक. बायका किंचाळल्या. मामाने घास काढायला बोट पुढे केलं.

"खबरदार!" भिंतीशी बसलेल्या सिस्टरबाई गरजल्या. "हात पीछे! आवाज येतोय ना?"

"अहो, पण तिच्या घशात..."

"आवाज आहे म्हणजे हवा आहे. ती काढतेय आपली आपण. भगवानने शिकवून पाठवलंय तिला. तुमचं बोट गेलं, की बाहेर येणारा घास आत जाईल. बसा!"

मी बघितलं तर त्यांनी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मुलीने आणखी एकदा उबळ काढली आणि सगळी खीर मामाच्या रेशमी सदऱ्यावर आली. मुलगी लगेच दुसऱ्या घासासाठी आ करून तयार. सगळे हसायला लागले. मामाही हसला, काय करणार बिचारा.

त्या हशातच सिस्टरबाई उठल्या. कशाला उठल्या, कुणाला कळलं नाही. कोपऱ्यात कुसुमच्या जावेचा दहा महिन्यांचा रांगता मुलगा बसला होता. रडत नव्हता, खोकत नव्हता, ओकत नव्हता. तोंड उघडं आणि ओठ निळसर. सिस्टरबाईंनी तो उचलून आपल्या हातावर पालथा टाकला, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळव्याने हाणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला फरशीवर टक् करून फुटाणा पडला आणि पोराने जो सूर लावला, तो राजवाड्यापर्यंत गेला असेल. त्याची आई अजून खिरीच्या वाट्या भरत होती. आपल्या मुलाला काय झालं होतं, हे तिला रडणं ऐकून कळलं.

"सिस्टरबाई, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"रडणाऱ्याकडे सगळी दुनिया बघते, बेटा. मी गप्प असतं त्याच्याकडे बघते."

असं म्हणून त्या पुन्हा भिंतीशी जाऊन बसल्या, आणि पुन्हा हात मांडीखाली घातले. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की या बाईचा पदर आता सोडायचा नाही.

दिवाळी झाल्यावर माझा दुसरा मुलगा झाला. पहिला गेलेला, म्हणून माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, याचं नाव धोंडू ठेवलं. काळाने वळूनही बघू नये असं नाव. आमचे हे सचिवालयात कारकून. मध्य भारताचं सरकार थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, तेव्हा हेही फायलींच्या पेट्यांबरोबर ग्वाल्हेरला गेलेले. घरात मी, माई आणि धोंडू. पहिले चार आठवडे धोंडू थोडं थोडं सांडायचा. सिस्टरबाई येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, "मजेत आहे धोंडोपंत."

मग त्या आठ दिवस देपालपूरकडे गेल्या, आणि त्याच आठवड्यात धोंडूचं ओकणं बदललं. पाजलं, की थोड्या वेळाने पिचकारी सुटायची. माझ्या खांद्यावरून पार भिंतीपर्यंत. आणि ओकून झालं की पुन्हा भुकेने कासावीस, तोंड वळवून पदर शोधायचा. माधवचं अगदी असंच होतं. मला ते आठवत होतं आणि मी ते आठवू देत नव्हते. माईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. कुणाला सांगायचं नाही, असं बजावलं. बोललं की खरं होतं, असं त्यांचं मत. आणि खरं सांगायचं तर मलाही सांगायचं नव्हतं. सिस्टरबाईंनी मान हलवली तर मी कुठे जाणार होते? मी दुपटी धूत राहिले.

नवव्या दिवशी सकाळी जिन्यावर कॅनव्हासचे बूट वाजले. कुणी निरोप पाठवलेला नव्हता. सिस्टरबाई देपालपूरहून येत होत्या, पिशवीसुद्धा खांद्यावर तशीच.

"पोर कुठाय?"

माई म्हणाल्या, "झोपलाय. छान आहे."

"माईजी, मी खाली रस्त्यावरून तुमची दोरी बघितली. सकाळचे नऊ वाजलेत आणि अकरा दुपटी वाळतायत. आणि लंगोट किती? दोन." त्यांनी दोन बोटं माईंच्या तोंडासमोर धरली. "वरून सगळं येतंय. खालून काही जात नाहीये. आणि तुम्ही म्हणता छान आहे?"

नऊ दिवस मी ती दोरी भरत होते आणि मला ती वाचता आली नव्हती. या बाईने ती खाली रस्त्यावरून चालता चालता वाचली.

मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. माधवचंसुद्धा. त्या ऐकत होत्या, मधे फक्त एकच विचारलं, "हिरवं?" मी म्हटलं, नाही, आंबट वासाचं फाटलेलं दूध, नुसतं पांढरं. त्या म्हणाल्या, "आठवणीवर माझा भरोसा नाही. पाज त्याला."

खिडकीशी उन्हात चटई घालून त्यांनी धोंडूला माझ्या मांडीवर उघडा ठेवला. मी पाजत होते आणि त्या त्याच्या पोटाकडे बघत होत्या. खाली वाकून, बाजूने, तिरप्या उन्हात. किती वेळ, मला सांगता यायचं नाही. त्यांनी पापणी हलवली नाही. मोरीतला नळ ठिबकत होता, तो बंद करायलाही कुणी उठलं नाही. मग त्यांनी न बोलता माझं बोट धरलं आणि दाखवलं. धोंडूच्या पोटाच्या कातडीखालून एक फुगवटा डावीकडून उजवीकडे हळूच सरकत गेला. पिठाखालून कुणी लिंबू ढकलावं तसा. थांबला. पुन्हा एक निघाला.

"बघ. जठर ढकलतंय. पुढचा दरवाजा बंद आहे, म्हणून दूध परत फिरतंय." त्यांनी डावा हात धोंडूच्या बरगडीखाली उजव्या अंगाला ठेवला, डोळे मिटले. "ही घे. गाठ. बोराच्या बीएवढी."

तेवढ्यात पिचकारी उडाली. सिस्टरबाईंच्या पांढऱ्या पदरावर, गळ्यावर, घड्याळावर. त्या जागच्या हलल्या नाहीत. पदर उचलून नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "हिरवं नाही. सूनबाई, ऐक. याला जुलाबाचं औषध नको, दृष्ट काढायला नको, ऑपरेशन पाहिजे. छोटंसं. सर्जन गाठ चिरून दरवाजा मोकळा करेल. उद्यापर्यंतचे सगळे कपडे न धुता ठेवायचे. मी सर्जनला दाखवणार."

माई उसळल्या. "सव्वा महिन्याच्या पोराच्या पोटाला सुरी? आणि ही घाण माझ्या घरात ठेवायची? पलीकडे देवघर आहे!"

सिस्टरबाई कधी आवाज चढवत, कधी नाही, याचा नेम नसे. या वेळी त्या माईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "माईजी, पहिल्याचे कपडे कुणी धुतले?"

"हिने. आणि मी."

"मग तेव्हा कुणाला काय दिसणार होतं?" एवढंच म्हणाल्या. त्यात ठपका नव्हता. असता तर माईंनी तो परतवला असता. माई उठून देवघरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

ती रात्र कशी गेली ते जाऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाई टांगा घेऊन आल्या, तेव्हा माई आंघोळ करून, सोवळं नेसून दारात उभ्या होत्या. हातात पूजेची परात. तिच्यात सात ओकलेली दुपटी, नीट एकावर एक रचलेली. ज्या माईंनी मोरीच्या उंबऱ्याला विटाळ मानला, त्या ती परात मांडीवर घेऊन टांग्यात बसल्या आणि हॉस्पिटलपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

सर्जन मोठे गृहस्थ, घाईत. टेबलावर परात बघून म्हणाले, "सिस्टर, ये क्या गंद उठा लाईं?"

सिस्टरबाईंनी सातही दुपटी त्यांच्या टेबलावर ओळीने पसरली. "साहब, कल सुबह से आज सुबह तक. एक में भी हरा नहीं. लंगोट दोन, तेही जेमतेम ओले. लाट मी डोळ्यांनी बघितली, गाठ हाताला लागली. आता तुम्ही बघा." डॉक्टरांशी त्या अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत, आणि मान खाली न घालता बोलत. सर्जननी एकेक दुपटं बघितलं. मग धोंडूच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ. शेवटी मराठीत म्हणाले, "बाई, हे तुम्ही घरात, चटईवर ओळखलंत?"

"उन्हात," सिस्टरबाई म्हणाल्या.

दोन दिवस धोंडूला सलाइन चढवलं, अंगात पाणी भरल्याशिवाय सुरी लावता येत नव्हती. ग्वाल्हेरला तार गेली. हे पोचायच्या आत ऑपरेशन झालं, कागदावर अंगठा माईंनी उठवला. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. माझ्या डाव्या अंगाला माई, उजव्या अंगाला सिस्टरबाई. मी बघितलं, सिस्टरबाईंचे हात मांडीखाली होते. थोड्या वेळाने बघितलं, तर माईंचेही.

ऑपरेशननंतर चमचा-चमचा साखरपाणी, मग चमचा-चमचा दूध. पहिल्या दिवशी धोंडू दोनदा ओकला आणि मी चमचा खाली ठेवला. सिस्टरबाई हसल्या. "दरवाजा उघडला तरी सवय एका दिवसात जाते का? दे, दे, चमचाभर दे." चौथ्या दिवशी त्याने एक लंगोट असा भिजवला की चादर ओली झाली. माईंनी तो लंगोट हातात घेतला, उजेडाला धरला, आणि सिस्टरबाईंना दाखवायला वॉर्डभर घेऊन हिंडल्या. देवाचा प्रसाद कुणी इतक्या मानाने मिरवला नसेल.

पुढे मध्य भारत गेला, मध्य प्रदेश झाला, सचिवालय भोपाळला गेलं आणि त्याबरोबर आम्हीही. धोंडूचं नाव शाळेत घालताना श्रीधर केलं, पण पोटावरचा बोटभर व्रण आणि घरातलं नाव दोन्ही राहिलं. इंदूरला गेले, की मी सिस्टरबाईंना भेटल्याशिवाय परतत नसे.

शेवटची भेटले तेव्हा त्या निवृत्त होऊन पलासियाला भाचीकडे राहत होत्या. धोंडू तेव्हा इंजिनियरिंगला होता. दुपारची वेळ. भाची ऑफिसला गेलेली. सिस्टरबाई खिडकीशी कॉटवर होत्या, इतक्या वाळलेल्या की घड्याळ आता उशाशी ठेवलं होतं, टाचायला छातीवर जागा नव्हती. मला बघून खिडकीबाहेर बोट केलं. समोरच्या इमारतीत एक दोरी होती.

"नवं बाळ आलंय. वीस दिवसांचं असेल. दुपटी चार, लंगोट नऊ." आणि समाधानाने मान हलवली. "मजेत आहे."

मी त्यांच्यासाठी मऊ पेज करून नेली होती. दोन चमचे गेले. तिसऱ्याला त्यांना उबळ आली. डोळे वटारले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओऽक, ओऽक. मी घाबरून पुढे झाले. त्यांनी एक बोट वर केलं. मी थांबले. आवाज होता. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसले. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही. त्यांनी आपली आपण उबळ काढली, फडक्यात ओकल्या, आणि दमून उशीला टेकल्या. मग हात पुढे केला.

"दाखव."

मी फडकं दिलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, बोटाने चोळलं, नाकाशी नेलं. पेज नव्हती ती नुसती. कॉफीच्या गाळासारखं काळपट काहीतरी होतं, पोटातलं शिळं रक्त. मलाही दिसत होतं. इतक्या वर्षांत मला तेवढं वाचता यायला लागलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघींना एकमेकींपासून काही लपवता येण्यासारखं नव्हतं.

"डॉक्टरला बोलावू? भाचीला फोन करू?"

"डॉक्टरला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. ती बिचारी सहा वाजता दमून येते." त्यांनी फडक्याची घडी घातली, डाग आत जाईल अशी, आणि माझ्या हातात दिली. "धुऊन टाक, बेटा."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. मी मोरीत गेले, नळ सोडला, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत ते फडकं धरून उभी राहिले. मग ते पिळलं, झटकलं आणि खिडकीतल्या दोरीवर वाळत घातलं.